मोबाईल टॉवरविषयीची तक्रार: मराठवाड्यातील रहिवाशांनी कोणत्या क्रमाने काय करावे

टॉवर उभा राहिला की पहिला अर्ज बहुधा चुकीच्या कार्यालयात जातो. लातूर, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत एखाद्या गच्चीवर रात्रीतून लोखंडी सांगाडा चढतो, सकाळी गल्लीतील माणसे जमतात, चाळीस-पन्नास सह्यांचा अर्ज तयार होतो आणि त्यात एकच वाक्य ठळक असते, की या टॉवरच्या किरणोत्सर्गामुळे कर्करोग होतो, म्हणून तो तातडीने हटवावा. नगरपरिषद तो अर्ज घेते, पोच देते आणि काही महिन्यांनी कळवते की किरणोत्सर्ग हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही. तोवर लोकांचा उत्साह मावळलेला असतो. त्याच गच्चीच्या स्लॅबला गेलेली भेग, जिन्यात ठेवलेले डिझेलचे कॅन आणि रात्रभर धडधडणारा जनरेटर या गोष्टींवर नगरपरिषदेला खरोखर काही करता आले असते, पण त्यांचा अर्जात उल्लेखच नसतो.

असे अर्ज मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि काही लिहूनही दिले आहेत. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे, की लोकांची काळजी खोटी नसते, पण ती कोणत्या दारावर न्यायची हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. या लेखात तो क्रम मांडला आहे.

आधी अधिकार कोणाचा, हे समजून घ्यावे

टॉवरचे दोन भाग वेगळे धरावेत. अँटेनातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी, त्यांची मर्यादा, मोजणी आणि दंड हा सर्वस्वी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा विषय आहे. टॉवर ज्या जागेवर किंवा इमारतीवर उभा आहे ती जागा, बांधकामाची परवानगी, इमारतीची ताकद, आवाज, धूर आणि आगीचा धोका हे विषय ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका, पोलीस आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे येतात. एकाच अर्जात दोन्ही विषय कालवले की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. म्हणून अगदी पहिल्या दिवसापासून दोन अर्ज आणि दोन फायली ठेवाव्यात.

ग्रामसभेत ठराव करून टॉवर बंद पाडण्याचा मार्ग अनेक गावांना सोपा वाटतो. सांगली जिल्ह्यातील चिखलहोळ ग्रामपंचायतीने असाच ठराव केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो टिकू दिला नाही, कारण टॉवरच्या लहरींमुळे आरोग्याला धोका होतो असे दाखवणारा शास्त्रीय पुरावा न्यायालयासमोर नव्हता. त्यानंतर दूरसंचार अधिनियम, २०२३ मधील या विषयाच्या तरतुदी जून २०२४ मध्ये अमलात आल्या. त्यांनुसार नैसर्गिक आपत्ती किंवा सार्वजनिक आणीबाणी वगळता, केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कोणत्याही सार्वजनिक यंत्रणेला दूरसंचार जाळे सील करता येत नाही, तेथील प्रवेश अडवता येत नाही किंवा ते सक्तीने बंद करता येत नाही. सरपंचाने टॉवरच्या खोलीला कुलूप ठोकले, तर अडचणीत सरपंच येईल. हा कायदा लोकांच्या बाजूचा आहे की कंपन्यांच्या, यावर वाद होऊ शकतो आणि तो व्हायलाही हवा. पण आज अर्ज लिहिणाऱ्याने तो लक्षात घेऊनच लिहिला पाहिजे.

पहिली पायरी: टॉवर नीट पाहणे आणि नोंदवणे

दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यातून जवळ आणून छायाचित्रे घ्यावीत. टॉवरवर दोन प्रकारची साधने दिसतात. उभ्या, लांबट, फळीसारख्या पेट्या या मोबाईल सेवेच्या अँटेना असतात आणि त्या साधारणपणे तीन दिशांना तोंड करून बसवलेल्या असतात. गोल, ढोलासारखी दिसणारी साधने ही एका टॉवरला दुसऱ्या टॉवरशी जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह दुव्याची असतात. त्यांची लहर अतिशय अरुंद झोतात समोरच्या टॉवरकडे जाते. लोक अनेकदा या ढोलांनाच घाबरतात, प्रत्यक्षात लक्ष द्यायचे असते ते फळीसारख्या पेट्यांकडे.

प्रत्येक पेटीचे तोंड कोणत्या घराकडे आहे, ती जमिनीपासून अंदाजे किती उंचीवर आहे, तिच्या समोर त्याच उंचीवर एखादी खिडकी, गॅलरी किंवा गच्ची येते का आणि ती किती मीटरवर आहे, हे कागदावर काढावे. पावलांनी मोजले तरी चालेल. टॉवरच्या दारावर किंवा कुंपणावर स्थळाचा सांकेतिक क्रमांक आणि टॉवर कंपनीचे नाव लिहिलेली पाटी असेल, तर तिचे छायाचित्र तारखेसह ठेवावे. पुढच्या प्रत्येक अर्जात हा क्रमांक घालावा, कारण 'मारुती मंदिरामागचा टॉवर' या वर्णनावरून दूरच्या कार्यालयातील अधिकाऱ्याला काहीही शोधता येत नाही.

एक गोष्ट येथेच तपासावी. बाजारपेठेतील काही दुकानांच्या छतावर लहान अँटेना आणि आत एक पेटी असते, तिला लोक 'बूस्टर' म्हणतात. खासगी व्यक्तीने परवान्याशिवाय असा बूस्टर लावणे बेकायदेशीर आहे आणि त्यामुळे आजूबाजूच्या सर्वांचे नेटवर्क बिघडते. अनेक गल्ल्यांत ज्याला 'छोटा टॉवर' म्हणून नावे ठेवली जातात तो कंपनीचा टॉवर नसून असा बूस्टर असतो. त्याची तक्रारही दूरसंचार विभागाकडेच करायची असते.

दुसरी पायरी: मर्यादेचा आकडा समजून घेणे

हा भाग थोडा किचकट आहे, पण तो टाळून पुढे जाऊ नये, कारण मोजणीचा अहवाल हाती आल्यावर तो वाचता आला नाही तर सगळी खटपट वाया जाते.

मोबाईलच्या लहरी क्ष-किरणांसारख्या अणू-रेणूंची मोडतोड करणाऱ्या नसतात. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे तीव्रता फार वाढल्यास ऊतींचे तापणे. तसे होण्याच्या पातळीपासून बरेच अंतर राखून अशा लहरींपासूनच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (आयसीएनआयआरपी) जनतेसाठी मर्यादा ठरवल्या आणि भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून त्यांच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. त्या हिशेबात ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी दर चौरस मीटरला ०.४५ वॉट, १८०० मेगाहर्ट्झसाठी ०.९ वॉट आणि २००० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींसाठी १ वॉट असे आकडे येतात. मर्यादा वेळोवेळी बदलू शकतात. म्हणून मोजणीच्या दिवशी लागू असलेली मर्यादा कोणती, हे त्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे.

आता अंतराचे गणित पाहू. समजा एका अँटेनाला २० वॉट शक्ती दिली आहे आणि ती अँटेना सगळी शक्ती एका दिशेला सुमारे ५० पट एकवटते. याचा अर्थ झोताच्या नेमक्या समोर उभे राहणाऱ्याला १००० वॉटचा स्रोत असल्यासारखे असते. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ही तीव्रता घटते. त्यामुळे २० मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ०.२ वॉट, ५० मीटरवर ०.०३ वॉट आणि १०० मीटरवर ०.००८ वॉट इतकी भरते. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाईवर येते. दूरसंचार विभागाने २०१२ मध्ये राज्यांना पाठवलेल्या सूचनांमध्ये अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर असलेल्या इमारतीसाठी एक अँटेना असल्यास २० मीटर, दोन असल्यास ३५ मीटर, चार असल्यास ४५ मीटर आणि सहा असल्यास ५५ मीटर अंतर सुचवले होते, ते याच हिशेबातून.

या गणितातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. झोत आडवा, किंचित खाली झुकलेला असतो, त्यामुळे टॉवरच्या बरोबर खाली राहणाऱ्या घराला सहसा फार कमी लहरी मिळतात. ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्याच्यापेक्षा समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, अँटेनाच्या रेषेत राहणाऱ्या कुटुंबाची मोजणी आधी व्हायला हवी. अर्ज मात्र बहुतेक वेळा तळमजल्यावरचे शेजारी करतात, मोजणी तळमजल्यावर होते, आकडा नगण्य येतो आणि खरा प्रश्न असलेली खिडकी तशीच राहते.

एका टॉवरवर दोन-तीन कंपन्या आणि प्रत्येकीच्या अनेक लहरी असतात, तेव्हा प्रत्येक लहरीचे मोजमाप तिच्या मर्यादेने भागायचे आणि सगळे भागाकार एकत्र मिळवायचे. ही बेरीज एकपेक्षा कमी असली पाहिजे. एका कंपनीने आपल्यापुरते 'आम्ही मर्यादेत आहोत' असे प्रमाणपत्र दाखवले, तर त्यावर थांबू नये. संपूर्ण स्थळाची बेरीज मागावी.

तिसरी पायरी: मोजणी मागणे

दूरसंचार विभागाचे 'तरंग संचार' हे संकेतस्थळ मे २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावर आपल्या भागाचा नकाशा उघडून जवळचे टॉवर पाहता येतात आणि एखादा टॉवर नियमांत बसतो की नाही याची माहिती मागवता येते. यासाठी काही पैसे पडत नाहीत. एवढ्याने समाधान झाले नाही, तर त्याच ठिकाणी ४,००० रुपये भरून आपल्या जागेवर प्रत्यक्ष मोजणी मागता येते आणि विभागाचे अधिकारी उपकरण घेऊन येतात. मराठवाड्यातील आठही जिल्हे दूरसंचार विभागाच्या महाराष्ट्र सेवाक्षेत्रात येतात, त्यामुळे अर्जात तेच क्षेत्र निवडावे.

४,००० रुपये एका घराला जड वाटतात. वीस घरांनी प्रत्येकी २०० रुपये काढले तर ते उभे राहतात, आणि पैसे दिले म्हणून मोजणीच्या वेळी ती वीसही घरे हजर राहतात, हा मोठाच फायदा असतो. पावती एकाच्या नावाने निघते, म्हणून कोणी किती दिले याची वहीत नोंद ठेवावी.

मोजणीच्या दिवसासाठी काही सूचना आहेत. पहिल्या पायरीत काढलेला नकाशा हातात ठेवावा आणि मोजणीची ठिकाणे आपण सुचवावीत: अँटेनाच्या रेषेतील खिडकी, वरची गच्ची, लहान मुलांची किंवा आजारी माणसाची खोली, जवळच्या अंगणवाडीचे अंगण. नेटवर्कवरील वर्दळ संध्याकाळी वाढते, म्हणून शक्य असल्यास त्या वेळेची विनंती करावी. मोजणी चालू असताना जवळच्या सर्वांनी आपापले मोबाईल दूर ठेवावेत, कारण हातातला फोन टॉवरपेक्षा मोठा आकडा दाखवू शकतो. प्रत्येक ठिकाणचा आकडा अधिकाऱ्याच्या समोरच आपल्या वहीत उतरवून घ्यावा आणि अहवाल आल्यावर ताडून पाहावा.

नवा टॉवर सुरू करण्याआधी कंपनीने तो मर्यादेत असल्याचे स्वप्रमाणपत्र विभागाला द्यावे लागते आणि विभाग दरवर्षी काही टॉवरांची स्वतः तपासणी करतो. मर्यादा ओलांडल्याचे आढळल्यास टॉवरवरील प्रत्येक प्रसारण केंद्रामागे, प्रत्येक प्रसंगी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०१३ मध्ये करण्यात आली. अहवालात मर्यादा ओलांडल्याचे निघाले तर त्याची प्रत जोडून विभागाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: दुरुस्ती किती दिवसांत होणार, फेरमोजणी कधी होणार आणि दंडाची कार्यवाही सुरू झाली का. उत्तर आले नाही तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार संकेतस्थळावर तोच मजकूर, मूळ अर्जाचा क्रमांक घालून नोंदवावा.

चौथी पायरी: कागद काढणे

इथून दुसरी फाईल सुरू होते. महानगरपालिका किंवा नगरपरिषद असेल तर नगररचना विभागाच्या आणि गाव असेल तर ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ते न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. खासगी कंपनीकडे हा अर्ज करता येत नाही, पण तिने सरकारी कार्यालयात दिलेला कागद त्या कार्यालयाकडून मिळतो.

अर्जात प्रश्न विचारू नयेत, कागद मागावेत. 'परवानगी का दिली?' या प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन नसते. पुढील मजकूर पुरेसा ठरतो:

'मौजे ……, गट किंवा घर क्रमांक …… येथील मोबाईल टॉवर, स्थळ क्रमांक ……, याबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात: (१) टॉवर कंपनीचा अर्ज आणि त्यासोबत जोडलेली सर्व कागदपत्रे, (२) दिलेली परवानगी किंवा नाहरकत प्रमाणपत्र आणि त्यातील अटी, (३) इमारतीच्या आणि टॉवरच्या मजबुतीबाबत संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र, (४) जागामालकाचे संमतिपत्र किंवा करार, कार्यालयाच्या अभिलेखात असल्यास, (५) या स्थळाबाबत आलेल्या तक्रारी आणि त्यांवरील कार्यवाहीची टिपणी.'

लहरींच्या वाटपासंबंधीची स्थळमंजुरी आणि स्वप्रमाणपत्राची प्रत हवी असेल, तर ती दूरसंचार विभागाकडे, केंद्राच्या माहिती अधिकार संकेतस्थळावरून स्वतंत्रपणे मागावी.

इमारत, वीज आणि जनरेटर

माझ्या मते मराठवाड्यात टॉवरचा खरा धोका बहुतेक ठिकाणी लहरींमध्ये नसून या तीन गोष्टींत असतो, आणि म्हणून याच भागावर अधिक वेळ द्यावा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे वजनदार छप्पर अंगावर कोसळून गेली. छपरावरचे वजन काय करते, हे आमच्या भागाला शिकवावे लागत नाही. तरीही आज तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका मजल्यासाठी बांधलेल्या आणि नंतर दोन मजले चढवलेल्या इमारतीच्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा, बॅटऱ्यांच्या रांगा, यंत्रांची पेटी आणि कधीकधी जनरेटरही ठेवला जातो. संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मिळाले की त्यात चार गोष्टी पाहाव्यात: अभियंत्याचा परवाना क्रमांक आणि सही आहे का, त्याने सध्या आहे तेवढ्या मजल्यांचा हिशेब धरला आहे का, बॅटऱ्या आणि जनरेटरचे वजन त्यात धरले आहे का, आणि वाऱ्याचा व भूकंपाचा भार नमूद आहे का. कंपन्या नंतर अँटेना वाढवत जातात, प्रमाणपत्र मात्र पहिल्या दिवसाचेच राहते. स्लॅबला किंवा खांबाला भेगा असतील तर त्यांच्याशेजारी पट्टी धरून, तारीख टाकून, दर महिन्याला त्याच जागेवरून छायाचित्र काढावे. भेग वाढत असल्याची अशी सहा छायाचित्रे नगररचना अधिकाऱ्याला लांबलचक निवेदनापेक्षा लवकर हलवतात.

विजेचा विषय गावांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. वळवाच्या पावसात मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. टॉवर 'वीज ओढतो' ही लोकांची समजूत अर्धी बरोबर आहे: परिसरातील सर्वांत उंच धातूची वस्तू म्हणून वीज त्याच्यावर पडण्याची शक्यता असतेच. वरच्या टोकाचा तडितरोधक, तेथून खाली आलेली अखंड पट्टी आणि जमिनीतील अर्थिंगचा खड्डा सुस्थितीत असेल, तर ती वीज जमिनीत निघून जाते. अडचण अशी, की आमच्याकडे मुरूम आणि काळ्या खडकातला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेपर्यंत कोरडा पडतो आणि कोरड्या जमिनीत वीज नीट जिरत नाही, म्हणजे नेमकी वळवाची वीज सुरू होते तेव्हाच अर्थिंग सर्वांत कमजोर असते. म्हणून ग्रामपंचायतीने टॉवर कंपनीला एप्रिलमध्येच पत्र द्यावे, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडून त्याचा रोध मे महिन्यात मोजून घ्यावा आणि त्याची नोंद मागवावी. तांब्याची पट्टी चोरीला गेली असेल तर तेही पत्रात लिहावे, कारण असे घडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आभाळ गडगडत असताना टॉवरच्या कुंपणाला जनावर बांधू नये आणि त्याच्या खोलीच्या आडोशाला उभे राहू नये. वीज जमिनीत पसरताना पायांखालूनही झटका बसतो. ही सूचना गुराख्यांना आणि शाळकरी मुलांना तोंडी सांगावी, फलकावर लिहून भागत नाही.

जनरेटरची तक्रार सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल इतकी आहे, आणि आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर ध्वनिप्रदूषण नियमांनुसार तक्रार करता येते. जनरेटरवर आवाज रोखणारे आवरण असावे लागते. ते गंजून फुटलेले किंवा दार काढून ठेवलेले असते. मोबाईलवरील आवाज मोजणारे ॲप पुराव्याला पुरत नाही, पण आठ रात्रींच्या वेळा आणि आकडे लिहून नेले तर पोलीस ठाण्यातील आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयातील अधिकाऱ्याला प्रत्यक्ष मोजणीला येण्यास कारण मिळते. भारनियमनाच्या वेळापत्रकाची प्रत सोबत जोडावी. जनरेटर वीज नसतानाच चालतो की वीज असतानाही चालवला जातो, हे त्यावरून उघड होते. गच्चीवर किंवा जिन्यात डिझेल साठवलेले दिसले तर वाट पाहू नये, त्याच दिवशी अग्निशमन विभागाला लेखी कळवावे.

जागा देणाऱ्यांसाठी

तक्रार करणाऱ्यांइतकीच ही माहिती टॉवरसाठी जागा देणाऱ्यांनाही लागते. गृहनिर्माण संस्थेची गच्ची सर्वांच्या मालकीची असते, म्हणून सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय एकट्या अध्यक्षाने करार करू नये. करारात अँटेना वाढवायची झाल्यास पुन्हा संमती आणि नवे मजबुती प्रमाणपत्र, वर्षातून एकदा अहवालाची प्रत, जनरेटरची जागा आणि करार संपल्यावर किती दिवसांत सांगाडा उतरवायचा, या अटी असाव्यात. शेवटची अट नसेल तर भाडे थांबल्यानंतरही गंजलेला सांगाडा वर्षानुवर्षे डोक्यावर राहतो.

शेतकऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. 'तुमच्या शेतात टॉवर बसवायचा आहे, इतके लाख आगाऊ आणि महिन्याला इतके भाडे मिळेल, फक्त नोंदणीचे किंवा नाहरकतीचे पैसे भरा' असा फोन किंवा संदेश आला, तर तो फसवणुकीचा समजावा. दूरसंचार विभाग किंवा दूरसंचार नियामक प्राधिकरण अशा भाड्यासाठी कोणाला पत्र देत नाही आणि खरी कंपनी जागामालकाकडून आगाऊ पैसे घेत नाही. दुष्काळात पीक गेलेल्या घराला हा फोन देवासारखा वाटतो आणि तेवढ्यातच उसनवारी करून पैसे भरले जातात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत खाते गोठवता येण्याची शक्यता असते. केवळ संदेश आला असेल तर तो 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षू' सुविधेत नोंदवावा.

आजाराविषयी

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगजनक' या '२ ब' गटात ठेवले. त्यामागचा पुरावा मुख्यतः कानाला फोन लावून वर्षानुवर्षे दीर्घकाळ बोलणाऱ्यांचा होता, टॉवरजवळ राहणाऱ्यांचा नव्हता, आणि तोही अपुरा मानला गेला होता. टॉवरपासून लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या लहरी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या ०.००२ ते २ टक्के इतक्या आढळतात, असे त्याच संघटनेने २००६ मध्ये नमूद केले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये ग्वाल्हेर येथील एका घरकामगाराच्या तक्रारीवरून एक टॉवर बंद करायला सांगितला, हे खरे आहे. पण तो आदेश त्या टॉवरपुरता होता, त्याचा आधार घेऊन दुसरा टॉवर आपोआप बंद होत नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जायचेच असेल, तर मोजणीचा अहवाल, माहिती अधिकारातून मिळालेले कागद आणि कार्यालयांच्या पोचा हाती असल्याशिवाय जाऊ नये.

गल्लीत दोन-तीन जणांना कर्करोग झाला की टॉवरकडे बोट जाते. त्या घरांचे दुःख मी पाहिले आहे आणि त्यांच्याशी आकड्यांत बोलावेसे वाटत नाही. तरी एवढे सांगायलाच हवे, की टॉवरविरुद्ध धावपळ करताना उपचार मागे पडू देऊ नयेत. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आजाराची शंका असेल तर पहिला दिवस तिथे घालवावा, अर्ज दुसऱ्या दिवशी लिहिता येतो. डोकेदुखी आणि झोप न लागणे या तक्रारींतही आधी रात्रीच्या जनरेटरचा आवाज तपासावा. मला अनेकदा कारण तिथेच सापडले आहे.

ज्यांना लहरींचीच काळजी आहे त्यांनी हातातल्या फोनकडे पाहावे. टॉवर दूर असेल किंवा सिग्नल कमी असेल तर फोन आपली शक्ती वाढवतो आणि ती थेट डोक्याशी पडते. बालाघाटच्या डोंगरातील वाड्यांत किंवा किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात एक कांडी सिग्नलवर तासभर बोलणाऱ्याला, शहरात टॉवरच्या सावलीत राहणाऱ्यापेक्षा जास्त लहरी मिळू शकतात. अशा ठिकाणी स्पीकर किंवा वायरचे इअरफोन वापरावेत आणि फोन उशीखाली ठेवू नये. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या शक्तीची मर्यादा दर किलोला १.६ वॉट आहे, आणि *#०७# दाबल्यावर अनेक फोनमध्ये तो आकडा दिसतो.

मोजणीनंतर

अहवाल मर्यादेत आला तर तो गल्लीत सर्वांना वाचून दाखवावा, विशेषतः ज्यांनी वर्गणी दिली त्यांना, आणि लहरींची फाईल तेवढ्यापुरती बंद करावी. इमारतीची फाईल मात्र चालू ठेवावी. ५जी सेवा देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून जुन्याच टॉवरांवर नव्या पेट्या चढवण्याचे काम चालू आहे, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा अहवाल आजच्या टॉवरचा असेलच असे नाही. दर सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच जागेवरून, टॉवरचे छायाचित्र काढून आधीच्या छायाचित्राशेजारी ठेवावे आणि पेट्या मोजाव्यात. संख्या वाढलेली दिसली की दूरसंचार विभागाकडे नव्या स्वप्रमाणपत्राची प्रत आणि नगररचना विभागाकडे नवे मजबुती प्रमाणपत्र, असे दोन वेगळे अर्ज त्याच आठवड्यात द्यावेत आणि दोन्हींच्या पोचा आपापल्या फाईलला लावाव्यात.